आतल्या खोलीतली वीस मिनिटं

प्रश्न

आदरणीय बाई,

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. वय सत्तेचाळीस. आयुष्यात फार पुस्तकं वाचली असं नाही. गेल्या महिन्यात लेकीनं तिच्या कार्डावर वाचनालयातून एक जपानी कादंबरी आणली, इंग्रजीतली, ‘बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड’. आठवडाभर ती टीव्हीशेजारी पडून होती. “आई, वाच, इंग्रजी सोपं आहे,” एवढंच लेक म्हणाली, म्हणून हातात घेतली.

पहिल्या दोन गोष्टींना डोळे पाणावले. तिसरीला मात्र मी पार कोलमडले. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोकियोत एका तळघरात कॅफे आहे. तिथल्या एका ठरावीक खुर्चीत बसलं की भूतकाळात जाता येतं. जवळच हिराई नावाची बाई छोटासा बार चालवते. सेंदाईला तिच्या आईवडिलांचं घराण्याचं अतिथिगृह आहे, ते नको म्हणून ती घर सोडून आलीय. धाकटी बहीण तिला “घरी चल” म्हणायला पुन्हा पुन्हा टोकियोला येते आणि एकदा ही तिला टाळायला कॅफेच्या काउंटरमागे लपून बसते. बहीण चिठ्ठी ठेवून निघते आणि परतीच्या वाटेवर अपघातात जाते.

हिराई लपली तिथं मी पुस्तक मिटलं. कारण मीही लपले होते.

आमच्या वडिलांच्या जमिनीचा विषय २०१९ च्या दिवाळीनंतर निघाला. भावानं हक्कसोडपत्र पुढं केलं. ताईनं मुकाट सही केली आणि मलाही म्हणाली, “करून टाक गं, माहेर तुटायला नको.” मी केली नाही. मला वाटलं, ही भावाची वकिली करतेय. तिथून आमचं बोलणं बंद झालं.

फेब्रुवारी २०२१, रथसप्तमी. त्या दिवशी शिवजयंतीही होती, सुट्टी म्हणून मी घरीच. ताई गारगोटीहून एसटीनं आली, न कळवता. खिडकीतून ती फाटकाशी दिसली आणि मी आतल्या खोलीत गेले. लेकीला सांगितलं, “आई बाहेर गेलीय म्हण.” तेव्हा ती चौदा वर्षांची होती. तिनं दार उघडलं, मावशीला बसवलं, चहा केला. दाराच्या फटीतून मला फक्त ताईचे पाय दिसत होते. टाचांना भेगा होत्या. एक जोडवं सैल झालं होतं, त्याला तिनं आतून दोरा गुंडाळला होता. बशीत चहा ओतून फुंकर मारल्याचं ऐकू आलं. मग बोलणं सुरू झालं, तशी मी उठून पंखा पाचवर केला. मला सहीचा विषय ऐकायचा नव्हता. वीस मिनिटांनी ती गेली. टेबलावर तिळाच्या वड्यांचा स्टीलचा डबा होता.

एप्रिलच्या शेवटी कोविडनं ताई गेली. शेवटचं कुणालाच बघायला मिळालं नाही. दहाव्याला भाच्याचा फोन आला, “मावशी, कावळा लगेच शिवला.” सगळे म्हणाले, तिची काही इच्छा मागं राहिली नव्हती. मला रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आणि आता एका जपानी बाईसाठी रात्री दीड वाजता स्वयंपाकघरात बसून मी हमसून हमसून रडले.

सख्ख्या बहिणीसाठी न आलेलं रडू रचलेल्या गोष्टीला यावं, हे काय आहे? माझं काही चुकतंय का? यजमानांना गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, “त्या खुर्चीत बसून काही बदलतच नाही, तर जायचं कशाला?” मला उत्तर देता आलं नाही. ताईचा डबा घासून माळ्यावर ठेवलाय. वड्या घरच्यांनी संपवल्या, मी एकही खाल्ली नाही.

शेवटचा प्रश्न लहान आहे. पुस्तकाचं एक पान ओलं होऊन सुरकुतलंय. वाचनालयात भरपाई द्यावी लागेल का?

— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

आधी तुमच्या यजमानांचा प्रश्न घेते, कारण पहिल्या वाचनात तो मलाही पडला होता.

हे पुस्तक लिहिणारे तोशिकाझू कावागुची मूळचे नाटकवाले. ही गोष्ट त्यांनी आधी रंगमंचावर आणली, कादंबरी झाली ती २०१५ मध्ये. हे कळल्यावर मला पुस्तकाची बांधणी नीट दिसली. एकच तळघर, एकच सेट. खिडकी नाही. भिंतीवर तीन घड्याळं आणि तिन्हींची वेळ निराळी. पात्रं दारातून येणार, दारातूनच जाणार. आणि नाटकवाल्याला लागतात तसे कडक नियम. खुर्चीतून उठायचं नाही. जो माणूस कधीतरी या कॅफेत येऊन गेलाय त्याचीच भेट होईल. भूतकाळात काहीही केलंत तरी आज बदलणार नाही. आणि कप निवायच्या आत कॉफी संपवून परत यायचं, नाहीतर त्याच खुर्चीत भूत होऊन बसावं लागेल.

काळाच्या मागं जाण्याच्या बहुतेक गोष्टींत माणूस काहीतरी दुरुस्त करायला निघतो. अपघात टाळायचा, लग्न जुळवायचं, एखादा शब्द मागं घ्यायचा. कावागुचींनी दुरुस्तीचं ते दार सुरुवातीलाच लावून टाकलंय. मग उरतं काय? समोरासमोर बसणं उरतं. हिराई परत जाते तेव्हा बहिणीचा अपघात तिला टाळता येत नाही. पण इतकी वर्षं ती एका समजुतीत जगत आलेली असते, की घरचा सगळा भार आपण धाकटीवर टाकला, म्हणून धाकटी आपल्यावर राग धरून असणार. समोर बसल्यावर कळतं, की धाकटीच्या मनात राग नव्हताच. दोघींनी मिळून ते घर चालवावं, हे तिचं स्वप्न होतं. बहीण गेली ती गेलीच. हिराई मात्र सेंदाईला परत जाते. यजमानांना सांगा, खुर्चीत बसून जग बदललं नाही, पण बसणारी बदलून उठली.

आपल्या भाषेत ‘निरोप’ या एका शब्दात दोन गोष्टी राहतात. कुणी सांगून पाठवलेलं असतं तो निरोप, आणि निघताना घेतात तोही निरोप. त्या कॅफेत येणारं प्रत्येक माणूस या दोन्हींसाठी तिष्ठत बसलेलं आहे. पहिला हाती पडल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, अशी त्यांची अडचण आहे. तुमचीही तीच आहे.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. तिनं मला सांगितलं, की जपानी माणूस घरातून निघताना ‘इत्तेकिमासु’ म्हणतो, आणि त्या शब्दाची फोड केली तर ती हुबेहूब ‘जाऊन येतो’ अशीच होते. घरात राहिलेले उत्तर देतात, ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’. आमची आजी उंबऱ्यात ‘जाते’ म्हणू द्यायची नाही. कितीही घाई असो, मागं बोलावून ‘येते’ म्हणायला लावायची. इतक्या लांबच्या दोन भाषांना निघण्याच्या वेळी एकच भीती वाटते आणि दोन्ही तिच्यावर एकच उपाय करतात, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसले होते.

आता कावळ्याचं. जपानात ओबोन नावाचा सण असतो, बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यावर. त्या दिवसांत घरातले गेलेले लोक परत येतात अशी श्रद्धा. पुष्कळ घरांत तेव्हा एका काकडीला आणि एका वांग्याला काड्यांचे चार चार पाय टोचून ठेवतात. काकडी म्हणजे घोडा, येणाऱ्यानं लवकर यावं म्हणून. वांगं म्हणजे गाय, जाणाऱ्यानं सावकाश जावं म्हणून. आपल्याकडं पितृपक्षात पान वाढतो, दहाव्याला कावळ्याची वाट बघतो. कावळा येईना की कुणीतरी पिंडासमोर हात जोडून म्हणतं, “तुझ्या पोरांचं आम्ही बघू.” मागं राहिलेल्या माणसांनी गेलेल्याच्या मनातलं ओळखायची ती धडपड असते.

तुमच्या भाच्यानं “लगेच शिवला” हे दिलासा म्हणून सांगितलं. तुम्हाला ते तोंडावर दार लावल्यासारखं लागलं असणार. इच्छा ताईची राहिली नसेल, तुमची राहिली होती. कावळा गेलेल्याचं सांगतो, राहिलेल्याचं त्याला कोण विचारणार?

सेंदाईच्याच बाजूला, जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, इवाते प्रांतात ओत्सुची नावाचं गाव आहे. बागा रचण्याचं काम करणारे इतारू सासाकी तिथं राहायचे. जवळचा नातेवाईक वारला तेव्हा, २०१० मध्ये, त्यांनी आपल्या बागेत एक पांढरं टेलिफोन बूथ उभं केलं. आत काळा, चकतीचा जुना फोन. त्याची तार कुठंच जात नाही. मनातलं वाऱ्यानं पोचवावं म्हणून त्याला ‘वाऱ्याचा फोन’ म्हणतात. पुढच्याच वर्षी, ११ मार्च २०११ ला, भूकंप झाला आणि त्सुनामी आली. ओत्सुचीत शेकडो घरांतली माणसं गेली, कित्येकांचे देहही सापडले नाहीत. मग लोक त्या बूथकडं येऊ लागले. आधी गावातले, पुढं दूरदूरचे, हजारो. आत जायचं, दार ओढून घ्यायचं, घरचा जुना नंबर फिरवायचा आणि बोलायचं. पलीकडून उत्तर येणार नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कावागुचींच्या खुर्चीत काही बदलत नाही, सासाकींच्या फोनवर कुणी उचलत नाही, तरी माणसं रांग लावतात. कॅफेची गोष्ट रचलेली असेल, पण तिच्याखालची गरज कुणी रचलेली नाही.

तुमच्या रडण्यात चुकीचं काही नाही. एकतीस वर्षं मी वाचनालयात काम केलं, त्यातलं एक सांगते. पत्नी गेल्यावर एक गृहस्थ रोज सकाळी येऊन पेपर चाळत बसायचे. चार महिने चेहरा कोरडा ठणठणीत. एकदा दिवाळी अंकातली एक कथा वाचत होते, म्हाताऱ्या बैलाला बाजारात विकायला नेण्याची. वाचता वाचता त्यांचे खांदे हलायला लागले. मी पाण्याचा पेला नेऊन ठेवला. ते म्हणाले, “बैलाचं वाईट वाटलं हो.” मी म्हटलं, “वाटणारच.” दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी पत्नीविषयी बोलू लागले. ती भाकरी कशी थापायची, कुठल्या गोष्टीवरून अडून बसायची, सगळं.

आपल्या दुःखाला फार गोष्टी चिकटलेल्या असतात. ताईसाठी रडायला बसलात की आधी ते हक्कसोडपत्र समोर येत असेल, मग दाराची फट, मग पंख्याचं बटण. रडू तिथंच अडतं, कारण रडण्याआधी स्वतःची झडती सुरू होते. हिराईच्या दुःखाला तुमच्या घरचा कुठलाच कागद चिकटलेला नव्हता. तिथून वाट मोकळी होती, तिथून ते बाहेर आलं. आलं ते ताईसाठीच.

माझंही सांगते. चार गोष्टींत मला दुसरी सगळ्यांत मोठी वाटते. नवऱ्याची स्मृती जात चाललीय, बायको परिचारिका आहे, आणि तो तिला तिच्या माहेरच्या आडनावानं हाक मारतो, कारण ती आपली बायको आहे हेच तो विसरलाय. माझ्या यजमानांच्या शेवटच्या वर्षात ते मला ‘वहिनी’ म्हणायचे. अगदी आदरानं. “वहिनी, तुम्हाला उशीर होत असेल, तुम्ही निघा.” मी ते पान उलटायला दोन दिवस घेतले. तेव्हा परकं पुस्तक कुठं जाऊन हात लावतं, हे मला माहीत आहे.

आता ज्यासाठी मी तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं त्याकडं येते.

परवा संध्याकाळी मी मुद्दाम कॉफी केली, चिनी मातीच्या कपात ओतली आणि घड्याळ समोर ठेवून बसले. साताऱ्याची डिसेंबरातली हवा. सतरा मिनिटांत कप कोमट झाला, विसाव्या मिनिटाला पिववेना. पुस्तकातल्या माणसांना मिळतो तो एवढाच वेळ. तुमची ताई तुमच्या घरात वीस मिनिटं होती.

आणि तिनं तर चहा बशीत ओतला होता. बशीतला चहा दोन-तीन मिनिटांत संपतो. गारगोटीची गाडी गाठायची तर बाई बशी खाली ठेवून उठली असती. मग उरलेली सतरा-अठरा मिनिटं ती काय करत होती? तुम्हीच लिहिलंय, बोलणं सुरू झालं. ती तुमच्या लेकीशी बोलत होती.

तुमच्या पत्रात लेक पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी काहीतरी करत असते. दार उघडते, मावशीला बसवते, चहा करते, पुस्तक आणते. “सोपं इंग्रजी आहे” यापलीकडं ती संबंध पत्रात काही बोलत नाही. इंग्रजी सोपं आहे हे पुस्तक वाचल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. म्हणजे काउंटरमागं लपलेली हिराई तिनं तुमच्या आधी पाहिलीय. पाहिली, आणि पुस्तक परत न करता आठवडाभर टीव्हीशेजारी, तुमच्या नजरेसमोर ठेवलं. मी तिला ओळखत नाही, माझा अंदाज चुकेलही. पण मला तो निरोप वाटतो.

चौदाव्या वर्षी तिनं तुमच्या सांगण्यावरून मावशीच्या तोंडावर खोटं सांगितलं. दोन महिन्यांत मावशी गेली. तेव्हा घरात जो तो आपापल्या धक्क्यात होता, मी दोष देत नाही. पण त्यानंतर तिला कुणी विचारलं का? ताईच्या शेवटच्या भेटीतला एकेक शब्द तुमच्या घरात एका माणसाजवळ आहे. त्यासाठी टोकियोला जायला नको, खुर्चीही नको. ती मुलगी रात्री शेजारच्या खोलीत झोपते.

विचारा तिला. लगेच माफी मागू नका, स्वतः रडत सुटू नका, नाहीतर तिला तुम्हालाच सांभाळत बसावं लागेल. दोघींपुरता चहा टाका आणि एवढंच विचारा, “त्या दिवशी मावशी काय म्हणाली?” मग ती सांगेल तेवढं ऐका. मध्ये बोलू नका.

ती काय सांगेल, मला माहीत नाही. कदाचित ताईनं सहीचाच विषय काढला असेल. कदाचित नुसतं विचारलं असेल, ऑनलाइन शाळेत कळतं का गं काही? कदाचित लेकीला आता फारसं आठवतही नसेल. आणि आणखी एक शक्यता आहे, ती मी लपवत नाही. पाचवर फिरणारा पंखा बाहेरच्या खोलीत ऐकू येतो. तुमच्या रोजच्या चपला दाराशी असतील. थोरल्या बहिणींना असल्या गोष्टी समजतात. तुम्ही आत आहात हे तिला कळलं असेल, तर कळूनही ती वीस मिनिटं बसली, भाचीशी बोलली आणि तिळगूळ द्यायच्या शेवटच्या दिवशी डबा ठेवून गेली. सहीसाठी आलेली बाई कागद घेऊन येते. तिच्या हातात तिळाच्या वड्या होत्या.

त्या खुर्चीत एरवी बसलेली असते ती पांढऱ्या कपड्यांतली बाई आठवा. गेलेल्या नवऱ्याला भेटायला गेली, वेळेचं भान राहिलं नाही, कॉफी निवून गेली आणि ती तिथंच राहिली. दिवसभर पुस्तक वाचत बसते, कुणाशी बोलत नाही. येत्या रथसप्तमीला तुम्हाला त्या आतल्या खोलीत पाच वर्षं होतील.

डबा माळ्यावरून काढा. तो तुमचा नाही, ताईच्या घरचा आहे, आणि घरी आलेला डबा आपण रिकामा परत देत नाही. वड्या करा, चांगल्या जमल्या नाहीत तरी चालतील. एसटीनं गारगोटीला जा आणि भाच्याच्या हातात द्या. त्याच्याशी जमिनीबद्दल काही बोलू नका. निघताना ‘येते’ म्हणा. सहीचं काय करायचं ते तुम्ही तुमच्या मनानं ठरवा. हक्क तुमचा आहे, आणि बहिणीची आठवण येते म्हणून तो सोडायचं काही कारण नाही. या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या म्हणून तर इतकं झालं.

राहिला पुस्तकाचा प्रश्न. पान फाटलं नसेल, अक्षर पुसलं नसेल, तर सहसा कुठलंही वाचनालय भरपाई मागत नाही. इस्त्री फिरवू नका, कागद पिवळा पडतो. दोन जाड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेवा. सुरकुती थोडी राहील, राहू द्या. माझ्या एकतीस वर्षांत अशी पानं मी पुष्कळ परत घेतली, आणि रजिस्टरात एकदाही नोंद केली नाही. पुस्तक तुमच्या लेकीच्या कार्डावर आहे, तेव्हा परत द्यायला दोघी मिळून जा.